गाडी कोणाच्या नावावर?

साडेनऊची मीटिंग, रिक्षावाल्याचं 'तिकडं नाही जमणार' आणि मोबाइलवर एक क्लिक. बाइक टॅक्सीचा फंडा तुम्हाला काय सांगायचा! पण मंडळी, पुढे हँडल धरून बसलेल्याचं आयुष्य त्या क्लिकने बदलतं का? उत्तर शोधायला आधी आफ्रिकेत जाऊ, मग यवतमाळात. हसू नका, दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे.

युगांडाच्या कंपाला शहरात बाइक टॅक्सीला 'बोडा बोडा' म्हणतात. २०१४ मध्ये तिथे सेफबोडा नावाचं अ‍ॅप आलं. नारंगी हेल्मेट, रायडरला ट्रेनिंग आणि गिऱ्हाईक थेट मोबाइलवर. नाक्यावर ताटकळणं कमी, म्हणजे एकदम झकास. पण तिथल्या बऱ्याच पोरांची गाडी भाड्याची. धंदा होवो न होवो, मालकाचे पैसे मोजायचेच. अ‍ॅपमुळे गिऱ्हाईक मिळालं, गाडी मालकाचीच राहिली. टुगेंडे नावाच्या कंपनीने नेमकं हेच हेरलं: हप्ते भरा, फिटले की गाडी तुमच्या नावावर. खरा फरक पडतो तो इथे. तोच पोरगा, तोच रस्ता, पण संध्याकाळची कमाई त्याची. रवांडाच्या किगालीत तर इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी संपली की स्टेशनवर बदलून मिळते. चार्जिंगसाठी तासन्‌तास धंदा बुडत नाही.

आता आपल्याकडे या. २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लायसन्स नसलेल्या रॅपिडोला सेवा थांबवायला लावली. २०२५ मध्ये राज्याने बाइक टॅक्सीचे नियम आणले. लाखाच्या वर लोकसंख्येची शहरं, पंधरा किलोमीटरपर्यंतची फेरी, कंपनीच्या ताफ्यात निदान पन्नास गाड्या आणि त्या सगळ्या इलेक्ट्रिक.

२०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहर लाखाच्या थोडं वर होतं, म्हणजे काठावर पास. पुसद, वणी लाखाच्या आत. बसस्थानकावरून लोहारा एमआयडीसी किंवा मेडिकल कॉलेज गाठायला बाइक टॅक्सी म्हणजे बेस्टच. पण इथल्या पोराच्या दारात उभी आहे ती पेट्रोलची स्प्लेंडर. तीही अर्धी हप्त्यावर, अर्धी बापाच्या कापसावर. ती चालणार नाही. नवी ई-बाइक घ्यायला बँक तारण मागणार. मग ताफा एखाद्या पैसेवाल्याचा आणि पोरगा त्यावर रोजाने. कंपालाची जुनीच गोष्ट, फक्त गाडीला धूर नाही.

धूर नको हे कबूल, बॉस. पण मग लायसन्ससोबत हप्त्याची सोय आणि बॅटरी बदलायची जागाही द्या ना! गोव्यात काळ्या-पिवळ्या गाड्यांवरचे पायलट अ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून माणसं पोचवतायत.

पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात की विचारून बघा, 'दादा, गाडी स्वतःची का?' पोरगा आमच्याकडचा असेल तर उलट तोच विचारेल, 'काऊन भाऊ, घ्याची हाय का?'