शब्द तोडायचा कुठे?

ओळीच्या शेवटी ‘एलिकोप्तेर’ हा फ्रेंच शब्द मावला नाही, तर तो कुठे तोडायचा? कान सांगतो, ‘एलिकोप’ आणि ‘तेर’. पण १८६१ साली पाँताँ दामेकूर यांनी हा शब्द घडवला तो ग्रीकमधल्या ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्तेरोन’ म्हणजे पंख यांपासून. खरा सांधा ‘को’ आणि ‘प्तेर’ यांच्या मध्ये आहे. ‘आत्मोस्फेर’चेही तसेच: ‘आत्मो’ म्हणजे वाफ, ‘स्फेर’ म्हणजे गोल, उच्चारात मात्र ‘स’ सहज मागच्या अक्षराला चिकटतो.

कान-नाक-घशाच्या शास्त्राचे नाव तर नऊ अक्षरांचे: ओ-तो-री-नो-ला-रँ-गो-लो-जी. बोलताना फ्रेंच माणूस ‘ओ-एर-एल’ म्हणून मोकळा होतो. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणांनी या नावातल्या जोडरेघा काढून ते सलग लिहावे, अशी शिफारस केली. लिहिणाऱ्याची सोय झाली, पण नवशिक्याला दिसणारे सांधे बुजले, आणि हे नुकसान लहान नाही.

त्याच सुधारणांनी ‘नेन्यूफार’ या पाणफुलाच्या नावातला ‘पीएच’ काढून ‘एफ’ सुचवला, कारण तो शब्द ग्रीक नाहीच, अरबी-फारसीतून आलेला. तिथे मुळाचा मान राखला, तो योग्यच.

म्हणून फ्रेंचच्या वर्गात अक्षरे पाडायला शिकवताना मुळांची फोडही त्याच तासाला फळ्यावर यावी. ‘ओतो’ म्हणजे कान, ‘रिनो’ म्हणजे नाक एवढे कळले, की ‘ओतित’ आणि ‘रिनित’ ही दुखण्यांची नावे विद्यार्थी शब्दकोश न उघडता ओळखतो.