मोठा कोंबडा बाजारात, बारका कळपात

सणावाराच्या आधीच्या आठवडी बाजारात एक गोष्ट नेमाने दिसते. डालग्यातून येणारे कोंबडे सगळे ऐन भरातले असतात. तुरा टवटवीत, छाती भरलेली, पाय मजबूत. व्यापारी उचलून वजनाचा अंदाज घेतो, भाव ठरतो आणि कोंबडा जातो. यात गैर काही नाही. शेतकऱ्याच्या हातात रोकड येण्याची ती एक वाट आहे. परंतु त्या दिवशी घरच्या खुराड्यात मागे कोण उरला, हे कोणी बघत नाही. उरतो तो बारका, ज्याला कोणी भाव विचारला नाही तो. पुढे वर्षभर निघणाऱ्या सगळ्या पिलांचा बाप तोच होतो.

वळू निवडायचा असला तर हाच शेतकरी चार गावे पायाखाली घालतो. बियाणे घ्यायचे तर शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन कणीस बघून येतो. कोंबड्याच्या बाबतीत मात्र उलटी निवड पिढ्यान् पिढ्या चालू आहे. चांगला तो ताटात नाहीतर बाजारात, आणि वाईट तो वंशाला. मग 'पूर्वीच्या कोंबड्या आता राहिल्या नाहीत' अशी तक्रार करायची कोणाकडे?

हिशेब साधा आहे. परसातल्या एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असतात. एखादी कोंबडी कमी प्रतीची निघाली तर तिच्यापुरतीच पिले कमी प्रतीची होतात. कोंबडा कमी प्रतीचा निघाला तर सगळ्याच पिलांमध्ये त्याचा निम्मा वाटा उतरतो. म्हणूनच जाणकार सांगतात, की कोंबडा म्हणजे अर्धा कळप.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला हा विषय अधिकच जिव्हाळ्याचा आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कोंबड्यांच्या ज्या जातींची नोंद केली आहे, त्यात आपली बुसरा आहे. नवापूरचा भाग आणि लगतच्या गुजरातमधील सोनगड, उच्छल हा तिचा मूळ पट्टा. पांढऱ्या अंगावर मान, पाठ व शेपटीत काळी पिसे, खांदे व पंखांवर तांबूस-तपकिरी झाक, लाल एकेरी तुरा, अंगलट लहान, ही तिची ओळख. कोंबडा साधारण सव्वा किलोपर्यंत भरतो आणि कोंबडी वर्षाला ४० ते ५५ अंडी देते. आकडे ऐकून कोणी नाक मुरडील. परंतु ही कोंबडी अंगणात, शेताच्या कडेला, शेणकुटात स्वतःचे पोट भरते, स्वतः खुडूक बसून पिले काढते आणि घार-मुंगसाला चकवून ती वाढवते. तिचा वर्षाचा खर्च मांडून मग अंडी मोजा.

जातीचे निकष ही काही शहरी हौस नव्हे. इंग्लंडात कोंबड्यांच्या जातींचे निकष सांगणारे पहिले पुस्तक १८६५ साली निघाले आणि अमेरिकेत १८७४ साली. तुरा कसा, पायांचा रंग कोणता, वजन किती, हे त्यांनी कागदावर उतरवले. त्या निकषांवर पिढ्यान् पिढ्या कोंबडे निवडले गेले, म्हणून जाती टिकल्या आणि त्यांच्यातून नव्या घडल्या. आपला असील तिकडे गेला. कॉर्नवॉल परगण्यात त्याच्या संकरातून कॉर्निश जात तयार झाली आणि आजच्या ब्रॉयलरच्या नराकडच्या वंशात हीच कॉर्निश आहे. ज्या ब्रॉयलरचे खाद्य आणि पिल्लू आपण उधारीवर आणतो, त्याच्या रुंद छातीत आपल्याच असीलचा वाटा आहे. आपण मात्र असील ओळखतो तो झुंजीपुरता. त्या झुंजी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

बुसरावर संकटे कमी आलेली नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नवापुरात आढळला आणि परिसरातील लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा आला. रोग आटोक्यात आणायचा तर बाधित भागातले पक्षी मारावे लागतात, त्याला इलाज नाही. पोल्ट्रीवाला नंतर हॅचरीतून नवी पिले आणून शेड पुन्हा भरू शकतो. बुसराची हॅचरी म्हणजे पाड्यावरची खुडूक कोंबडी. तीच गेली तर पिले आणायची कोठून? जी जात एकाच पट्ट्यात आहे आणि तो पट्टा रोगाच्या तोंडावर आहे, ती चार वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळणे हाच तिचा विमा आहे.

दुसरे संकट चांगल्या हेतूने येते. परसातल्या कोंबड्यांचे उत्पन्न वाढावे म्हणून एकेकाळी ऱ्होड आयलंड रेडचे नर वाटले गेले. पुढे बंगळुरूची गिरिराज आली, हैदराबादची वनराज व ग्रामप्रिया आली. या पक्ष्यांनी पुष्कळ घरांना हात दिला आहे आणि आमचा त्यांना विरोध नाही. अंडी विकायची किंवा तीन-चार महिन्यांत वजनदार कोंबडा बाजारात न्यायचा, तर ते जरूर पाळावेत. परंतु ते संकरित आहेत. त्यांचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत आणि माद्या खुडूक क्वचितच बसतात. वनराजाचा नर बुसराच्या कळपात सोडला, तर पहिली पिढी थोराड दिसते आणि मालक खूश होतो. तिसऱ्या पिढीला ना वजन टिकते, ना पिले सांभाळण्याचा गुण. सुधारित पक्षी पाळायचे तर वेगळे पाळा, वंशात मिसळू नका, एवढेच म्हणणे आहे.

जात न ओळखल्याने खिशाला कशी कात्री लागते, ते कडकनाथाने दाखवून दिले. नर्मदेपलीकडच्या झाबुआ-अलीराजपूर पट्ट्यातला हा काळा पक्षी. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणी वाढली. पाठोपाठ २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात, पिले घ्या आणि माल आम्ही परत घेऊ, अशा आमिषाला भुललेल्या अनेक शेतकऱ्यांच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. बरे, काळा दिसला म्हणजे अस्सल, असेही नाही. कडकनाथाचा काळेपणा संकरातही उतरतो. कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची साधी कोंबडी यांच्या पिलांत तलंगा बऱ्याच काळ्या निघतात, नर मात्र फिके पडतात. म्हणजे दारावर येणारी काळी तलंग अर्ध्या रक्ताची असू शकते. घेताना चोच उघडून जीभ व टाळू बघा, तुरा, कातडी आणि पायाची बोटे बघा, आणि शक्य असेल तर त्याच घाण्यातले नरही बघा. आणि कोणी काळे अंडे दाखवू लागला, तर त्याला सरळ वाटेला लावा. कडकनाथाचे अंडे मळकट पांढरे ते फिकट तपकिरीच असते.

आता घरच्या घरी काय करता येईल? पिले दोन महिन्यांची झाली की पहिली निवड करा. वाकडी चोच, वाकडी बोटे, छातीचे वाकडे हाड, एका बाजूला कललेली शेपटी, जातीच्या रंगाशी न जुळणारी पिसे असलेले नर तेव्हाच बाजूला काढा. ते खायला-विकायला चालतील, वंशाला नकोत. पाच-सहा महिन्यांवर दुसरी निवड करा. चपळ, डोळा तेजदार, पायांवर सरळ उभा राहणारा आणि जास्त अंडी देणाऱ्या, पिले नीट सांभाळणाऱ्या आईच्या पोटचा नर ठेवा. सगळ्यांत जड तोच चांगला, असे मानू नका. बुसरात अडीच किलोचा नर निघाला तर कौतुक करू नका, बाहेरचे रक्त आले आहे का ते तपासा.

तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला तर बाप-लेकीचा संयोग होतो, उबवण घटते, पिले अशक्त होतात. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या पाड्यावरच्या त्याच जातीच्या नराशी अदलाबदल करा. नवा नर सोडल्यावर तीन आठवडे तरी अंडी उबवायला ठेवू नका, कारण जुन्या नराचे बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकून राहते. कोंबडीखाली सात दिवसांच्या आतली दहा-बारा अंडी ठेवा, २१ दिवसांनी पिले निघतील. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा आठव्या आठवड्यात देऊन घ्या. नाहीतर सगळी निवड एका रात्रीत मातीत जाईल. आणि बाहेरून आणलेला कोंबडा लगेच कळपात न सोडता दोन-तीन आठवडे वेगळा बांधा.

थोडे पंचायत आणि पशुसंवर्धन खात्याच्या मंडळींसाठी. २०१९ च्या २० व्या पशुगणनेत देशातील परसातले पक्षी २०१२ च्या तुलनेत सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेले आढळले. म्हणजे या धंद्यात लोक येत आहेत. प्रश्न आहे तो कोणत्या पक्ष्यांनी ही वाढ व्हावी याचा. ज्या पाड्यांवर बुसरा अजून शुद्ध आहे, त्यांची यादी पशुधन विकास अधिकाऱ्यांनी ग्रामसेवकांच्या मदतीने करावी आणि तेथे सुधारित नर वाटू नयेत. त्याऐवजी बचत गटांमार्फत बुसराच्या नरांची अदलाबदल घडवावी. तालुक्याच्या पशुप्रदर्शनात बैलजोडीला फेटा आणि कोंबड्याला कोपरा, हे आता पुरे. कोंबड्यांचा वेगळा वर्ग ठेवा आणि बक्षीस वजनाला न देता जातीच्या निकषांना द्या. परीक्षकाने लोकांसमोर तुरा, रंग, पाय दाखवत निकाल सांगितला, तर शंभर व्याख्यानांपेक्षा ते जास्त कामाचे होईल. नवापूरबाहेर दुसऱ्या दोन तालुक्यांत तरी बुसराचे राखीव कळप असावेत, म्हणजे पुन्हा रोग आला तरी वंश उरेल.

यातल्या बहुतेक कामांना मोठा निधी लागत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला एका ओळीचा अर्ज पुरतो. आणि शेतकऱ्याकडून मागणे तर एवढेच, की येत्या सणाला डालगे भरण्याआधी कळपातला सर्वांत चांगला नर बाजूला बांधून ठेवावा आणि बाकीचे बाजारात न्यावेत. एका कोंबड्याचा भाव बुडेल खरा, पण तो पुढच्या वर्षीच्या पिलांत वसूल होईल.