स्वयंचलित गिअरचे तेल

इंजिन ऑइलची तारीख घरात सर्वांच्या लक्षात राहते. ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेलाचे मात्र विस्मरण होते. हे तेल केवळ वंगण नव्हे. दाबाने आतील क्लच आवळणे, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची शक्ती पुढे पोहोचविणे, उष्णता वाहून नेणे, ही सारी कामे त्याचीच. म्हणूनच ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालते’ असे सांगून पुढे केलेला डबा घेऊ नये. सीव्हीटीला वेगळे तेल लागते, डीसीटीला वेगळे. एएमटी तर मुळात साधाच गिअरबॉक्स. (लाल रंग हा निव्वळ रंग आहे, दर्जाची खूण नव्हे.) गाडीच्या पुस्तिकेत छापलेले मानक डब्यावर अक्षरशः जुळावे.

काही पुस्तिका ‘आयुष्यभर बदल नको’ म्हणतात. पण आयुष्य कोणाचे? गिअरबॉक्स बनविणारी जर्मनीची झेडएफ कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदल सुचविते. शहरातील खोळंबा आणि घाट यांत तेल अधिक तापते. तेथे अलीकडची मर्यादा धरावी. करपल्याचा वास आल्यास किलोमीटर मोजत बसू नये, गाडी लगेच दाखवावी. खालचा प्लग काढला तरी सगळे तेल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्ये उरते. तेव्हा किती निघाले, तितकेच भरले का आणि पातळी पुस्तिकेतील तापमानालाच तपासली का, हे गॅरेजमध्ये उभे राहून पाहावे.