पाकिटावर आडनाव का नाही?

दसरा उलटला की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. 'सात्त्विक फराळ', 'सोवळ्यात केलेले अनारसे', 'अस्सल ब्राह्मणी चवीची चकली'. बेसन, साखर, तूप, वेलची सगळ्यांकडे त्याच बाजारातून येते. मग 'ब्राह्मणी' हा चकलीतला नेमका कोणता जिन्नस? माझे म्हणणे सरळ आहे. हा चवीचा उल्लेख नाही, जातीचा दाखला आहे. आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांचा माल पडून राहतो.

माझी मावशी पुण्यातल्या एका वस्तीत राहते आणि फराळ करून विकते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, निथळवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचे, मग खसखशीवर थापून मंद आचेवर तळायचे. पीठ बिघडले तर अनारसा तुपात 'हसतो', म्हणजे विखरून जातो. मावशीचा अनारसा हसत नाही. तिच्या पाकिटावर वजन आहे, तारीख आहे, नोंदणी क्रमांक आहे. आडनाव नाही. "आडनाव टाकू नका ताई, माल उचलला जायचा नाही," असे माल घेणाऱ्या दुकानदारानेच तिला सांगितले. त्याच फळीवर शेजारच्या पाकिटांवर आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते.

यावर ठरलेले उत्तर येते: "जात कोण पाहतो? आम्ही स्वच्छता पाहतो." ठीक. स्वच्छतेसाठी या देशात 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही त्याखाली नोंदणी करावी लागते. त्यात पाणी, भांडी, झाकण, हात धुणे यांच्या अटी आहेत. सोवळ्याची अट नाही. शिवाय ज्या स्वयंपाकघरात हा 'शुद्ध' फराळ तळला जातो, तिथली तेलकट कढई कोण घासते? हात भांड्याला चालतो, पिठाला चालत नाही. याला स्वच्छता म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर परंपरेचे. परंपरेने अन्नाचे कच्चे आणि पक्के असे भाग केले. पाण्यात शिजवलेला भात-भाकरी कच्ची, ती आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या हातचीच घ्यायची. तुपात तळलेले पक्के, ते थोड्या खालच्या हातूनही चालायचे. म्हणजे करंजी आणि शंकरपाळी हे तर त्यांच्याच नियमाने उंबरे ओलांडणारे पदार्थ. तरी सोसायटीत फराळाचे ताट आमच्या दारात येते, आमचे ताट गेले की "अहो, कशाला त्रास घेतलात, आमच्याकडे खूप झालंय" असे हसतमुख उत्तर मिळते. सवलत होती, पण ती आमच्या दाराआधीच संपत होती.

आणि आम्ही गोड खाणे हाच गुन्हा होता, हे विसरू नका. 1936 च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच लोकांना जेवण दिले, त्यात तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले, जेवणाऱ्यांना मारले. तिथे कोणी सवर्णाच्या ताटाला शिवले नव्हते. माणसे आपल्या पैशाचे तूप आपल्या पानात खात होती. ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मध्ये दुसरी बाजू दिसते: लग्नाच्या पंगतीतल्या उष्ट्या पुऱ्यांचे तुकडे वाळवून पावसाळ्यासाठी ठेवणारे घर. तूप खाल्ले तर लाठी, उष्टे खाल्ले तर परंपरा.

ते उष्टे आजही येते. दिवाळी संपून आठवडा झाला की खवट चिवडा आणि मऊ पडलेली चकली पिशवीत भरून सफाई कामगाराच्या हाती दिली जाते. तो तेव्हा पोस्त मागत असतो, रोख. आणि ज्या साखरेवर हा सगळा सण उभा आहे, तिचा ऊस तोडायला मराठवाड्यातली कुटुंबे याच दिवसांत कोयता घेऊन निघतात. त्यांची दिवाळी कारखान्याच्या पालावर.

आपल्यातले काही विचारतील, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर फराळाचे काय कौतुक? ज्यांना दिवाळी करायची नाही त्यांनी करू नये, ते योग्यच आहे. माझ्या घरी गोडाचा दिवस बुद्धपौर्णिमेचा, सुजाताच्या खिरीचा. पण हा प्रश्न सणाचा नाही, बाजाराचा आहे. हंगामाच्या तीन आठवड्यांत ज्या बाया वर्षाच्या फीचे पैसे उभे करतात, त्यांच्या कष्टाला नाव लावता येते की नाही, एवढा आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांचे जेवण नावानिशी छापले. आता पाकिटावरही नाव यायला हवे.

म्हणून यंदा तीन गोष्टी करा. जातीचे नाव लावून विकला जाणारा माल घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्याला सांगा. शिळा फराळ वाटून पुण्य कमावू नका, पोस्त द्या. आणि आपल्या बायांनो, पाकिटावर पूर्ण नाव छापा. पहिल्या वर्षी काही पाकिटे परत येतील, म्हणून आपल्या वस्त्यांनी, संघटनांनी, नोकरदारांनी ती आधीच मागवून ठेवा. मावशीने यंदा तसे लेबल छापायला टाकले आहे. पाचशे पाकिटे आहेत.

जय भीम.