खर्ज आणि कान

गेल्या वैशाखांत अमरावतीस आमच्या घरीं नातवाची मुंज झाली. मुंज म्हटली म्हणजे मांडव, आहेर आणि पंक्ति यांविषयीं मतभेद व्हावयाचेच. ते आम्ही जन्मभर पाहत आलों आहों, आणि त्यांत पडूं नये एवढें शहाणपण वयोमानानें आम्हांस आलें आहे. परंतु या खेपेस वाद निघाला तो भिक्षावळीच्या वाद्यांचा. धाकट्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, घरापासून अंबादेवीच्या देवळापर्यंत मिरवणूक जावयाची तर तीपुढें डीजेची गाडी हवीच; नाहीं तर मिरवणूक निघाली हें लोकांस कळणार कसें? सौभाग्यवतींचें मत सनईचें. सुनांनीं कोणताच पक्ष घेतला नाहीं, आणि बटूनें उघडपणें काकाचा घेतला. आठ वर्षांच्या मुलास आवाज प्रिय असतो हें आम्हांस शाळेंत पस्तीस वर्षें काढल्यावर कोणी सांगावयास नको.

शेवटीं असें ठरलें कीं, अकोल्याच्या भाच्यास विचारावें. आमच्या धाकट्या भगिनीचा हा मुलगा दिवसा एका बँकेंत नोकरी करतो. परंतु गेलीं सतरा वर्षें लग्नसराईंत आणि उत्सवांत तो एका वाद्यवृंदांत गिटार वाजवीत आला आहे. तीहि साधी गिटार नव्हे. चार जाड तारांची, खर्जाची. तिला ते लोक बेस गिटार म्हणतात. सबब आवाजाच्या बाबतींत तो चिरंजीवांचाच पक्ष घेईल असें आम्ही धरून चाललों होतों.

तो सकाळच्या गाडीनें बडनेऱ्यास उतरून घरीं आला. चहा होतो न होतो तोंच चिरंजीवांनीं विषय काढला, "दादा, तुझ्या ओळखीचा एखादा चांगला डीजे सांग."

"ओळखीचे पुष्कळ आहेत," भाचा म्हणाला, "म्हणूनच आणूं नका म्हणतों."

मग त्यानें पिशवींतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेवला. तो त्याच्या कानांच्या तपासणीचा आलेख होता. डावीकडून निघालेली रेघ बरीचशी सपाट जात होती, आणि चार हजार कंपनांच्या खुणेपाशीं ती एकदम खड्ड्यांत उतरली होती. उजव्या कानाचा खड्डा लहान, डाव्याचा खोल. दोन हिवाळ्यांपूर्वी लग्नाचा एक कार्यक्रम संपवून तो मध्यरात्रीं घरीं गेला, तेव्हां डाव्या कानांत रातकिडा ओरडूं लागला. सकाळपर्यंत थांबेल असें त्यास वाटलें. तो अद्यापि थांबलेला नाहीं. वय वर्षें छत्तीस. ही गोष्ट त्यानें आपल्या आईसहि सांगितली नव्हती.

येथें थोडें मागें जाऊन, हा खर्ज म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. तेराव्या शतकांत देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होता. वऱ्हाडावरहि तेव्हां यादवांचीच सत्ता होती. शार्ङ्गदेव दरबारांत हिशेबाचा अधिकारी होता, आणि तरीहि त्यानें 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचिला. बँकेंतल्या माणसानें संगीतांत लक्ष घालावें यांत अद्भुत असें कांहीं नाहीं. त्यानें नादाचीं तीन स्थानें सांगितलीं आहेत : हृदयांत मंद्र, कंठांत मध्य आणि मस्तकांत तार, आणि प्रत्येक स्थान मागच्याच्या दुप्पट उंच. मंद्र स्वर छातींत जाणवतो हें त्यास ध्वनिविक्षेपकावांचून ठाऊक होतें. आमच्या वाद्यांत हें मंद्राचें काम वांटून दिलेलें आहे. मिरजेच्या तंबोऱ्याची चौथी जाड पितळी तार खर्जाची. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात तो त्याचा नाद खालीं उतरावा म्हणून. डग्ग्याचा घुमारा तळहाताच्या दाबानें निघतो तो त्याचसाठीं. यांपैकीं एकहि वाद्य मैफलींत पुढें येऊन बसत नाहीं. तें नसलें म्हणजे मात्र गाणें उघडें पडतें.

पाश्चात्त्यांकडे हें काम पुरुषभर उंचीचें एक थोरलें वाद्य करीत असे. तें वाहून नेणें अवघड जात असे, आणि इतर वाद्यांच्या गलबल्यांत तें नीट ऐकूंहि येत नसे. म्हणून १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यानें विजेवर चालणारी खर्जाची गिटार बाजारांत आणली. तिला पडदे होते, त्यामुळें स्वर अचूक लागे. म्हणून तिचें नांवच 'प्रिसिजन' ठेविलें. तिच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१. एवढ्या मंद स्वराची लाट सुमारें २७ फूट लांब असते. आमच्या ओसरीपासून माजघराच्या दारापर्यंतचें अंतर यापेक्षां कमी आहे. म्हणूनच गल्लीच्या टोंकाला डीजे वाजूं लागला म्हणजे गाण्याचे शब्द भिंतीपाशीं थांबतात आणि खर्ज तेवढा देवघरांतील तांब्या हालवितो. आणखी असें कीं, मनुष्याचा कान मंद स्वरांच्या बाबतींत मुळांतच कांहींसा मठ्ठ आहे; सबब तो पुरेसा वाटावा म्हणून यंत्र चालविणारा तो वाढवीतच जातो.

भाच्यानें दुपारीं आपली गिटार उघडून दाखविली. पांच तारांच्या, सहा तारांच्या गिटारी आतां निघाल्या आहेत; त्यास त्यांचें आकर्षण नाहीं. "चार तारांवर काम भागत नसेल तर दोष तारांचा नसतो," असें तो म्हणतो. त्याच्या तारांचें वेष्टन गुळगुळीत आहे. त्यांचा नाद गोल निघतो, आणि तारा जुन्या झाल्या तरी तो त्या बदलण्याची घाई करीत नाहीं. अमेरिकेंत डेट्रॉइट येथें जेम्स जेमर्सन नांवाचा या वाद्याचा मोठा कलावंत होऊन गेला. तो उजव्या हाताच्या एका बोटानें वाजवी, आणि तार तुटेपर्यंत बदलीत नसे अशी त्याची ख्याति आहे. हें ऐकून सौभाग्यवतींस तो गृहस्थ फार आवडला.

परंतु आम्हांस विशेष वाटलें तें पुढेंच. आम्हीं विचारलें, "खर्जानेंच तुझा कान बिघडला ना?"

"नाहीं मामा. खर्ज वाजविणाराला ढोलांच्या जोडीनें वाजवावें लागतें, म्हणून तो ढोलवाल्याच्या शेजारीं उभा राहतो. त्याची पितळी झांज सतरा वर्षें माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर होती. आणि माझा कर्णा होता जमिनीवर. त्याचा आवाज माझ्या गुडघ्यांना ऐकूं जायचा, कानांना नाहीं. म्हणून मी तो वाढवायचों. मी वाढविला कीं गिटारवाला वाढवी, मग गाणारा वाढवी. आतां मी कर्णा खुर्चीवर ठेवतों, तोंड कानाकडे करून. निम्म्या आवाजांत भागतें. हें पहिल्या वर्षीं कोणी सांगितलें असतें तर!"

आतां त्या आलेखांतील खड्ड्याविषयीं. कानाच्या आंत शंखाकृति नळी असून तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. ध्वनीच्या लाटेनें त्या लवतात आणि मेंदूस वर्दी देतात. अति मोठ्या आवाजानें त्या मोडतात, आणि मनुष्याच्या ठिकाणीं त्या पुन्हा उगवत नाहींत. तार बदलतां येते, डग्ग्याची पुडी बदलतां येते. ही पेशी बदलतां येत नाहीं. आवाज मंद असो वा तीव्र, त्याच्या माऱ्याखालीं प्रथम मरतात त्या बहुधा चार हजार कंपनांच्या आसपासच्या. म्हणजे होतें काय? 'अ', 'ओ' हे स्वर खालच्या कंपनांत असल्यामुळें शाबूत राहतात. श, ष, स यांचा घर्षक ध्वनि वरच्या कंपनांत असल्यामुळें तो आधीं जातो. पाणिनीच्या व्याकरणांत या तीन वर्णांस मिळून 'शर्' ही संज्ञा आहे, आणि बहिरेपण पहिला घाला घालतें तें त्यांवर. म्हणून कान गेलेला मनुष्य म्हणतो, "तुम्ही बोलतां तें ऐकूं येतें, पण कळत नाहीं." आणि घरचीं माणसें समजतात कीं, म्हातारा लक्ष देत नाहीं. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हा संवाद रोज होत असेल. आमच्या घरीं होतो. आणि त्यांतला म्हातारा कोण, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आवाज मोजण्याचें माप डेसिबल. तें साध्या बेरजेचें नाहीं. तीन डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते, आणि कानानें तो सोसावयाचा काळ निम्मा होतो. ८५ डेसिबल आठ तास सोसेल; ८८ चार तास; ९१ दोन; ९४ एक तास; ९७ अर्धा; आणि १०० डेसिबल अवघीं पंधरा मिनिटें. मिरवणुकींतल्या कर्ण्यांच्या भिंतीपुढें तर शंभराचा आंकडा सहज ओलांडला जातो. आपल्या देशांत २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले; वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ ही मर्यादा त्यांत घातली आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा हा काळ रात्रीचा धरला आहे. नियम आहेत. ते पाळण्याची पाळी आपल्या घरच्या कार्यावर येते तेव्हां काय होतें, हें आम्ही नुकतेंच पाहत होतों.

"मग कानांत कापूस घालावा," सौभाग्यवती म्हणाल्या. वऱ्हाडांत दुसरें काय सुचणार? परंतु कापूस कितीहि आपल्या काळ्या मातींतला असला तरी तो वारा अडवितो, आवाज फारसा अडवीत नाहीं. औषधांच्या दुकानांत मऊ फेसाच्या बुचांची जोडी थोड्या पैशांत मिळते. बूच बोटांत वळून बारीक करावें, दुसऱ्या हातानें कान वर आणि मागें ओढावा, बूच आंत सरकवून तें फुगेपर्यंत धरून ठेवावें. एवढें केलें तर त्याचा उपयोग होतो. नुसतें तोंडाशीं टेकवून ठेविल्यास कांहीं नाहीं. मात्र या बुचानें वरचे स्वर अधिक दबतात आणि गाणें गोधडींतून ऐकल्यासारखें होतें. म्हणून वादकांसाठीं निराळीं बुचें निघालीं आहेत. त्यांत लहानसा पडदा असतो, आणि तो सर्व स्वर सारखेच, सुमारें पंधरा डेसिबलनीं, उतरवितो. येथें वाचकांनींच गणित करावें : शंभरांतून पंधरा गेले म्हणजे पंच्याऐंशी, बूच नीट बसलें तर पाव तासाची मुदत आठ तासांची होते.

भाचा सांगत होता कीं, सॅन फ्रान्सिस्को येथें कॅथी पेक नांवाची त्याच्यासारखीच खर्जाची गिटार वाजविणारी बाई आहे. एका मोठ्या कार्यक्रमानंतर तिचे कान वाजूं लागले व श्रवण अधू झालें. तेव्हां १९८८ सालीं तिनें एका डॉक्टराच्या साह्यानें 'हिअर' नांवाची संस्था काढून वादकांत कान राखण्याचा प्रचार आरंभिला. भाच्यानेंहि आपल्या वाद्यवृंदांत बुचें वांटलीं. पहिल्या दिवशीं सर्व हसले. ढोलवाला आतां तीं घातल्यावांचून बसत नाहीं.

आवाज मोठा म्हणजे उत्सव मोठा, हें समीकरण कोणीं बसविलें? एका खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं गांवेंच्या गांवें डोलविलीं. त्यांचें मोझरीचें गुरुकुंज अमरावतीपासून दूर नाहीं. श्रावणांत गांधीग्रामाहून पूर्णेचें पाणी कावडींनीं अकोल्यास राजराजेश्वरावर घालतात, तेथेंहि मान कावडीचा आहे, कर्ण्याचा नव्हे. आणि मुंजीचा तर सारा गाभाच कानांत आहे. एवढा मांडव, एवढी पंगत. पण मुख्य गोष्ट कोणती? वस्त्राच्या आडोशाला बापानें मुलाच्या उजव्या कानांत हळूच केलेला उपदेश. ज्या दिवशीं मुलाच्या कानास हा मान द्यावयाचा त्याच दिवशीं सायंकाळीं तो कान कर्ण्यापुढें धरावयाचा, हें आम्हांस पटेना. आम्हीं तसें बोलून दाखविलें. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. परंतु तो आलेख त्यांनीं हातांत घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

भिक्षावळ सनई-चौघड्यावर निघाली. लोकांस ती कळली.

वाचकांस दोन सूचना करून हें टिपण आटोपतों. हाताच्या अंतरावरच्या माणसाशीं ओरडून बोलावें लागत असेल तर तेथें लहान मूल ठेवूं नये. आणि एकाएकीं ऐकूं येईनासें झाल्यास तेल घालीत बसूं नये; त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा, कारण अशा दुखण्यांत पहिले कांहीं दिवसच हातांत असतात.

रात्रीं पाहुणे पांगल्यावर बटू पेंगुळलेल्या डोळ्यांनीं भाच्याच्या मांडीवर येऊन बसला. त्यास कांहींतरी गुपित सांगावयाचें होतें. त्यानें भाच्याच्या डाव्या कानाशीं तोंड नेलें आणि कुजबुजला. भाच्यानें क्षणभर वाट पाहिली, मग मान वळविली आणि म्हणाला, "या कानांत सांग, राजा."

मुलानें पुन्हा सांगितलें. काय सांगितलें तें त्या दोघांस ठाऊक. आमची भगिनी समोरच ताटें आवरीत होती. तिचे हात थांबले. तिनें मुलाकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें. आम्हीं तिला जवळ बसवून तो कागद दाखविला.