माहेर नसलेली मुलं

लेक सासरी निघाली की आपण काय काय करतो! ओटी भरतो, हातावर दही घालतो, "जाते म्हणू नये, येते म्हण" असं बजावतो. पहिल्या सणाला तिला आणायला माणूस पाठवतो. हे सगळं उगाच नाही. एका अंगणातून उपटून दुसऱ्या अंगणात रुजायचं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेताना आपण काय करतो? बॅगांचं वजन करतो, पासपोर्ट तपासतो आणि म्हणतो, "लहान आहे, रुळेल हळूहळू."

मैत्रिणींनो, हे "रुळेल हळूहळू" मला फार खटकतं. याचा अनुभव आपल्या नगरने, म्हणजे आताच्या अहिल्यानगरने, दीडशे-पावणेदोनशे वर्षं जवळून पाहिला आहे. फक्त त्याकडे आपलं लक्ष गेलं नाही.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं. सिंथिया फरारबाईंचं नाव आपल्याला माहीत असतं, कारण त्यांच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. मिशनच्या शाळा, दवाखाने, दुष्काळातली कामं यांबद्दलही थोडंफार वाचलेलं असतं. पण या मिशनरी कुटुंबांतल्या मुलांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. ही मुलं इथे जन्मली, आयांच्या कडेवर वाढली, भाकरी-पिठलं खाऊन मोठी झाली. आईबापांच्या लेखी अमेरिका हे 'घर' होतं. मुलांच्या लेखी ते परदेश होता! आई म्हणायची, "आपण घरी चाललोय." लेकराला वाटायचं, घर तर मागे राहिलं.

त्या काळी मुलं शिकण्याच्या वयाची झाली की त्यांना अमेरिकेला नातेवाइकांकडे पाठवून देत किंवा आई त्यांना घेऊन जाई. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा, पत्रांनाही तेवढाच वेळ. एकदा ताटातूट झाली की भेट कधी होईल याची शाश्वती नसे. या मिशनच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक गॉर्डन हॉल. १८२५ साली त्यांची पत्नी मुलांना घेऊन मुंबईहून अमेरिकेला गेली. पुढच्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिकजवळ कॉलऱ्याने हॉल वारले. त्या माउलीला नवरा आणि मुलांना बाप पुन्हा दिसला नाही.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं, रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचं. जन्म १८४७, मुंबईचा. वडील मिशनरी. आजारपणामुळे मायदेशी परतताना १८५४ साली वडील समुद्रातच वारले. सात वर्षांचा मुलगा ज्याला 'घर' म्हणायचं त्या देशात पोचला तो बापाविना. आईने मुलांना अमेरिकेत वाढवलं. रॉबर्ट येल विद्यापीठात शिकले आणि १८७४ साली पुन्हा भारतात आले, ते नगरला. १८७८ मध्ये त्यांनी इथे धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या भीषण दुष्काळात केलेल्या मदतकार्यासाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. आयुष्याची पन्नासेक वर्षं त्यांनी इथे काढली. नगरमधलं ह्यूम मेमोरियल चर्च आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

आता कुणी म्हणेल, "बघा, काही बिघडलं का त्यांचं? उलट किती मोठे झाले!" हा युक्तिवाद मला मान्य नाही. जे मोठे झाले त्यांची नावं देवळांना, शाळांना लागतात. जी मुलं मनात कुढत राहिली त्यांची नोंद कोण ठेवणार? शिवाय ह्यूम यांना परत येता आलं. सगळ्यांना ते जमलं नाही. सासरी गेलेल्या मुलीला निदान माहेर तरी असतं. दिवाळीला, पंचमीला ती येऊ शकते. या मुलांचा बंगला मिशनचा. आईवडिलांची बदली झाली, निवृत्ती आली की त्यात दुसरं कुटुंब राहायला येणार. म्हणजे परत यायला दारच नाही.

पुढे १९०१ साली कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. मसुरीची वुडस्टॉक शाळा त्याआधीपासून होतीच. त्यामुळे अमेरिकेची ताटातूट लांबली, पण संपली नाही. मुलं लहानपणी वसतिगृहात, मोठ्या सुट्टीत घरी आणि शाळा संपली की कॉलेजसाठी थेट अमेरिकेत. आमच्या ओळखीच्या एका वयस्क ख्रिस्ती बाई लहानपणीच्या अशाच एका मैत्रिणीची आठवण सांगतात. ती आमच्याहून चांगल्या शिव्या देई मराठीत, असं म्हणून आधी हसतात आणि मग गप्प होतात. "ती गेली, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आम्हाला रडवायचं नाही म्हणून मोठ्यांनी सांगितलंच नाही." साठ वर्षं होऊन गेली, तरी त्यांच्या मनातून ते जात नाही. इथे राहिलेल्या मुलीची ही अवस्था, तर गेलेल्या मुलीची काय असेल?

गंमत पाहा, जगभर अशा मुलांसाठी जो शब्द वापरतात त्याचं मूळही भारतात आहे. जॉन आणि रूथ हिल युसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य १९५०च्या दशकात भारतात आलं होतं. इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं, की ही मुलं धड आईबापांच्या संस्कृतीतली नाहीत आणि धड इथलीही नाहीत. त्यांची स्वतःची तिसरीच एक संस्कृती तयार होते. त्यावरून 'थर्ड कल्चर किड' हा शब्द आला. पुढे डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांनी १९९९ साली याच विषयावर मोठं पुस्तक लिहिलं. व्हॅन रेकन स्वतः नायजेरियात जन्मलेल्या, मिशनऱ्यांमध्ये वाढलेल्या, लहानपणी वसतिगृहात पाठवलेल्या. आईवडिलांना लिहायची राहून गेलेली पत्रं त्यांनी मोठेपणी लिहून काढली, 'लेटर्स नेव्हर सेंट' या नावाने. पाठवलीच नाहीत ती पत्रं! नावातच सगळं आलं.

परतलेल्या मुलाची खरी अडचण ही, की तो दिसायला तिथलाच असतो. परका माणूस परका दिसला तर लोक त्याला समजून घेतात, रस्ता सांगतात. पण आपल्यासारखाच दिसणारा, आपलंच आडनाव लावणारा मुलगा साध्या गोष्टीत अडखळला की त्याला बावळट म्हणतात, नाहीतर शिष्ट.

आणि इथेच हा विषय आपल्या दारात येतो. पूर्वीसारखी मिशनरी कुटुंबं आता नगरमध्ये नाहीत. पण सावेडीत, केडगावात अशी घरं आहेत जिथला मुलगा-सून अमेरिकेतून, आखातातून नातवंडांसह कायमचे परत आले आहेत. आजी-आजोबांना आभाळ ठेंगणं. नात मात्र खोलीत दार लावून बसते. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली, ते योग्यच आहे. पण सहावीत पहिल्यांदा बाराखडी गिरवणाऱ्या मुलीला वर्ग हसला, तर तिला भाषेची गोडी लागेल की धास्ती? "आपल्याच देशात आलीस, मग रडायला काय झालं?" असं घरचे विचारतात. तिचं उत्तर कुणी ऐकत नाही, कारण ते ऐकायला आपल्याला आवडत नाही. तिच्या दृष्टीने ती आपला देश सोडून आली आहे.

मग करायचं काय? पोलॉक यांनी निघण्याआधीच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'राफ्ट', म्हणजे तराफा, असा शब्द होतो. या काठावरून त्या काठाला नेणारा तराफा. आपल्या घरगुती भाषेत सांगायचं तर पहिली गोष्ट रुसवे-फुगवे मिटवणं. मैत्रिणीशी अबोला धरून मूल निघालं, तर तो अबोला जन्मभर सोबत जातो. दुसरी, ज्यांनी माया केली त्यांना तसं सांगणं. शिक्षक, शेजारच्या काकू, रिक्षावाले काका, सगळ्यांना. तिसरी, नीट निरोप घेणं. माणसांचा, खोलीचा, झाडाचा, कुत्र्याचासुद्धा. मूल रडेल. रडू द्यावं. लपवून नेऊ नये. आणि चौथी, जिथे जायचंय तिथलं खरं चित्र आधी सांगणं. शाळा कशी, डबा कसा, वीज जाते का, कोण कोण भेटणार. नुसतं "खूप मजा येईल" म्हणू नये.

बघा, यात नवीन काय आहे? लेकीच्या पाठवणीत आपण हेच करत आलो. फक्त मुलांना ते लागू आहे, हे ध्यानात घेतलं नाही.

हे झालं पाठवणाऱ्यांचं. ज्यांच्या घरी मूल येणार त्यांचंही काम आहे. तिथल्या आठवणी काढल्या की तोंड वाकडं करू नये. तिथल्या मित्राशी फोनवर बोलू द्यावं. उच्चारांची नक्कल करून पाहुण्यांसमोर हसू नये. आठवड्यातून एकदा तिकडचा पदार्थ घरात व्हावा. निदान पहिलं वर्ष मार्कांचा तगादा नको. घरातल्या एका तरी माणसाने, आजीने म्हणा, मावशीने म्हणा, मुलाला मोकळेपणी विचारावं, "तुला तिथलं काय आठवतं?" आणि मग सल्ला न देता नुसतं ऐकावं.

आपल्या महिला मंडळांनी, भिशी-ग्रुपांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल. सोसायटीत असं कुटुंब राहायला आलं, तर आईला हळदीकुंकवाला बोलावताना मुलांनाही आपल्या मुलांबरोबर खेळायला बोलवावं. कुणी निघून जात असेल, तर मुलांसाठी वेगळा छोटा निरोपसमारंभ ठेवावा, पत्ता-फोन लिहून द्यावा आणि पहिल्या दिवाळीला आठवणीने फोन करावा. देश कुठला हा निर्णय मोठ्यांचा असतो, मुलांना त्यात कुणी विचारलेलं नसतं. म्हणून त्यांचं दुःख हलकं करणं हेही मोठ्यांचंच काम आहे. ज्या मुलांना माहेर नाही, त्यांचं माहेर आपल्यालाच व्हायला हवं.