स्वर्गाचे नागरिक, इथली माती



‘स्वर्गाची वाट पाहणारा ख्रिस्ती माणूस इहलोकाबद्दल उदासीन असतो’ हे गेल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन वस्तुस्थितीला धरून नाही.

लेखाचा आधार म्हणजे पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ‘स्वर्गातील नागरिकत्वा’ची कल्पना. पण फिलिप्पै ही रोमची वसाहत. तिथले नागरिक रोमपासून दूर राहून रोमचे कायदे आणि रीती आपल्या गावात चालवत. स्वर्गाचे नागरिकत्वही तसेच. तिथली रीत इथे आचरायची असते.

पंडिता रमाबाईंनी नेमके तेच केले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना निवारा, शिक्षण आणि हाताला काम दिले. तिथेच मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतरही केले. यात उदासीनता कुठे दिसते?

आपल्याजवळच्या मिरजेत मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये रुग्णालय उघडले; हीही इहलोकाचीच सेवा.

ख्रिस्ती म्हणजे परका, हा लेखाचा सूर तर अधिकच चुकीचा. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती गायली ती अभंगांतून.

पारलौकिक आशेवर टीका जरूर व्हावी. पण लेखकाने आधी केडगाव आणि मिरज पाहून यावे.

— एक वाचक, वारणानगर (जि. कोल्हापूर)